अक्रातला ढोलबंदीचा महिना राहिलाच पाहिजे

घानाची राजधानी अक्रा हे मुळात गा लोकांचं गाव. दर वर्षी मे महिन्याच्या मध्याला तिथली गा पारंपरिक परिषद आणि महापालिका जाहीर करतात की आजपासून तीस दिवस ढोल बंद. ढोलाबरोबर बाकीचा गोंगाटही आवरायचा. बारमधलं संगीत, नाइट क्लब, अंत्यविधीचा बँड, चौकात माइक घेऊन उभा राहणारा प्रवचनकार, चर्चमधला ड्रमसेट, सगळेच त्यात आले. चर्च आणि मशिदींनी उपासना आपल्या आवारात करायची, कर्णे बाहेर लावायचे नाहीत. ओसु, ला, तेशी, नुंगुआ, तेमा ही किनाऱ्यावरची इतर गा गावं आपापल्या रिवाजाप्रमाणे थोडं पुढेमागे असेच दिवस पाळतात.

आणि दर वर्षी वादही ठरलेला. एका जमातीच्या देवांसाठी आम्ही आमची उपासना का आवरायची, असं नव्या चर्चचे लोक विचारतात. आधुनिक राज्याची महापालिका पुजाऱ्यांनी ठरवलेल्या तिथीवर का चालते, असं शहरी सुशिक्षित विचारतात. दोन्ही प्रश्न खोटे नाहीत. तरीही माझं मत स्पष्ट आहे: ही बंदी राहिली पाहिजे. फक्त ती पाळून घेण्याची आजची रीत बदलायला हवी, कारण त्या रीतीनेच बंदीचा मान घालवला आहे.

आधी हा महिना येतो कुठून ते पाहू. गांच्या दैवतांमध्ये समुद्राचा नाई, कोर्ले खाडीची नाआ कोर्ले, युद्धाचा साकुमो ही मोठी नावं. प्रत्येक दैवताचा वुलोमो, म्हणजे पांढऱ्या वस्त्रांतला पुजारी, पावसाच्या तोंडावर ठरलेल्या दिवशी राखून ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्यात बाजरी पेरतो. एकामागून एक सगळ्या वुलोमोंच्या पेरण्या ठरलेल्या क्रमाने होतात. पेरणी झाली की शांतता. दाणा रुजेपर्यंत गोंगाट नको, आणि ज्यांना आवाहन केलं त्यांना निवांतपणा हवा, अशी श्रद्धा. पुढे पीक हाती आलं की होमोवो. गा लोक पूर्वी वाटचाल करत या किनाऱ्याला आले, वाटेत उपासमार झाली, आणि पीक आलं तेव्हा त्यांनी भुकेला तोंडावर हिणवलं, अशी या सणामागची आठवण सांगतात. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचं क्पोक्पोई आणि पामफळांचं माशांचं कालवण करतात, आणि मान्त्से, म्हणजे गावचा प्रमुख, लोकांच्या गराड्यात क्पोक्पोई वाटेवर शिंपडत फिरतो. आधी पितरांना, मग जिवंतांना.

शांततेचा महिना संपतो तोही ढोलानेच. जुन्या अक्राच्या ग्बेसे भागात ओदादाओचा विधी होतो, तिथे पुन्हा पहिली थाप पडते आणि मग गाव मोकळं होतं. ढोलवादक याकुब अडी हा अक्रातल्या एका मोठ्या वैद्य-पुजाऱ्याचा मुलगा. अमेरिकेत गेल्यावर १९८२ मध्ये त्याने आपलं पथक काढलं आणि त्याला याच वादनाचं नाव दिलं, ओदादा. पुढे २००६ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये विंटन मार्सेलिसच्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर त्याच पथकाने मोठा कार्यक्रम केला. आयुष्यभर ढोल वाजवून जगलेल्या माणसाने आपल्या पथकासाठी जे नाव निवडलं, ते बंदी उठण्याच्या क्षणाचं होतं. त्या क्षणाला वजन येतं ते आधीच्या तीस दिवसांमुळे.

म्हणून या महिन्याला संगीताच्या आड येणारी बंदी समजणं मला चुकीचं वाटतं. क्पानलोगो नावाचं गांचं लोकप्रिय वादन घ्या. त्यात लोखंडी घंटेची एक ओळ अखंड चालते, आणि बाकीचे सगळे तिच्यावर कान ठेवून वाजवतात. सोळा मात्रा धरल्या तर पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी, एवढ्या पाचच मात्रांवर ठोका पडतो. अकरा जागा रिकाम्या. शिकणारा नवखा त्या रिकाम्या जागा भरायला धावतो आणि तिथेच फसतो, कारण दुसरा ढोल, तिसरा ढोल, मण्यांच्या जाळीचा भोपळा आणि नाचणाऱ्याचा पाय, या सगळ्यांना बोलायला तीच जागा असते. मुख्य ढोलवाला नाचणाऱ्याकडे बघत असतो, त्याच्या पावलाला उत्तर देतो, मग पुन्हा थांबतो. कुठे वाजवायचं नाही हे ज्यांना इतकं नेमकं ठाऊक आहे, त्यांनी वर्षातही न वाजवण्याचा एक काळ ठरवला, यात मला काही विसंगत दिसत नाही.

आणि बंदीचा पहिला भार गा वादकांवरच पडतो. मान्त्सेच्या दरबारातले ओबोनु ढोल गप्प होतात. नाचाची पथकं घरी बसतात. अक्राच्या कला केंद्राभोवती ढोल बनवून, विकून आणि पर्यटकांना शिकवून पोट भरणाऱ्यांचा तो मंदीचा महिना. परक्यावर नियम लादणारे स्वतः मोकळे सुटले असते तर मीही या बंदीच्या विरोधात लिहिलं असतं. इथे सर्वांत आधी थांबतो तो, ज्याचं सगळं जगणं ढोलावर आहे.

आता चर्चची बाजू. ती हलक्यात घेण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे एक जुनी जखम आहे. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचे पाद्री १८२८ मध्ये ओसुच्या किनाऱ्यावर उतरले. मिशनच्या शिकवणीत ढोल आणि नाच सैतानाच्या खात्यात जमा होते. ख्रिस्ती झालेल्याने ढोलापासून लांब राहायचं. या जाचातून चर्चमध्ये आफ्रिकी संगीत आणायला एका शेजारी जमातीच्या माणसाला किंमत मोजावी लागली. एफ्राइम आमु, एवे जमातीचा, पेकीचा. अक्रोपोंगच्या प्रेस्बिटेरियन अध्यापक विद्यालयात शिकवत असताना त्याने आपल्या भाषांतली गाणी रचली, आफ्रिकी वाद्यं वापरली, कोट-टाय सोडून अंगावर देशी वस्त्र लपेटून प्रवचन दिलं. १९३३ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. आज घानात त्याला राष्ट्रीय संगीतकाराचा मान आहे, त्याचं गाणं शाळेतली मुलं राष्ट्रगीतासारखं म्हणतात. तेव्हा एखादा पेंटेकोस्टल पाद्री म्हणाला, की ढोल आमच्या प्रार्थनेत आणायला शंभर वर्षं लागली आणि आता तुम्ही पुन्हा तो काढून घ्यायला सांगता, तर त्याच्या म्हणण्यात सत्य आहे.

पण हीच गोष्ट पुढपर्यंत सांगितली पाहिजे. त्या शंभर वर्षांत ढोल जिवंत ठेवला कुणी? चर्चने नाकारलेला ढोल गा दैवतांच्या क्प्ले विधींत, दरबारांत, अंत्ययात्रांत, जुन्या अक्रातल्या बुकोम वस्तीच्या अंगणांत वाजत राहिला म्हणून तो नंतर चर्चला मिळाला. ज्यांनी तो सांभाळला त्यांनी वर्षातला एक महिना मागितला, तर हिशेबात कुणाचं देणं जास्त आहे? शिवाय जुन्या प्रेस्बिटेरियन आणि मेथॉडिस्ट मंडळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा महिना फारशी कटकट न करता काढला. प्रकरण चिघळलं ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत, जेव्हा विजेची गिटार, ड्रमसेट आणि मोठाले स्पीकर घेऊन आलेली नवी चर्च शहरभर वाढली आणि त्यांच्यापैकी काहींनी गांच्या दैवतांना उघडपणे भुतंखेतं म्हणायला सुरुवात केली. ही भाषा आली की ढोलाचा प्रश्न ढोलापुरता उरत नाही. समोरच्याला ती आपल्या घरात येऊन केलेली शिवीगाळ वाटते.

कायद्याच्या अंगाने दोन्ही बाजूंकडे १९९२ च्या राज्यघटनेचं एकेक कलम आहे. एकविसावं कलम कोणताही धर्म पाळण्याचं आणि आचरण्याचं स्वातंत्र्य देतं. सव्विसावं कलम प्रत्येकाला आपली संस्कृती, भाषा, परंपरा आणि धर्म जपण्याचा हक्क देतं, आणि माणसाला हीन करणाऱ्या किंवा त्याच्या शरीर-मनाला इजा करणाऱ्या प्रथांना मनाई करतं. महिनाभर कर्णा आत घ्यायला लावणं या मनाईत बसत नाही. प्रार्थना थांबवा असं कुणी सांगितलेलं नाही. बायबल वाचा, गाणी म्हणा, टाळ्या वाजवा, भिंतीच्या आत वाजवा. आवाज शेजाऱ्याच्या घरात नको. उपासनेचं स्वातंत्र्य आणि ध्वनिवर्धकाचं स्वातंत्र्य यांत फरक आहे, आणि तो करण्याचं धैर्य राज्यकर्त्यांनी दाखवायला हवं.

यावर एक वाजवी पर्याय सुचवला जातो: देवबिव बाजूला ठेवा, डेसिबल मोजा. घानाच्या पर्यावरण संस्थेच्या मर्यादा आहेतच, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४८ डेसिबल. त्या वर्षभर सगळ्यांना लागू करा, वेगळा महिना हवा कशाला? मर्यादा वर्षभर लागू करा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अक्रात रात्रभर चालणाऱ्या प्रार्थनासभांच्या शेजारी राहणाऱ्या आजाऱ्यांना आणि परीक्षेला बसलेल्या मुलांना तेवढा दिलासा मिळायलाच हवा. पण मोजणी यंत्राने या महिन्याचं काम होत नाही. डेसिबलची मर्यादा कानाचं रक्षण करते. ढोलबंदीचा महिना एका समाजाला सांगतो की हे शहर कुणाच्या जमिनीवर उभं आहे ते आम्ही विसरलो नाही. या शहरात असं सांगणाऱ्या गोष्टी आता फार उरलेल्या नाहीत.

ब्रिटिशांनी १८७७ मध्ये राजधानी केप कोस्टहून अक्राला हलवली. तिथपासून सरकारी कचेऱ्या, छावण्या, बंदर, विमानतळ, वसाहती यांना लागणारी जमीन गांच्या गावांमधून आणि शेतांमधून घेतली गेली. मोबदल्याचे आणि परत मिळण्याचे दावे अजून चालू आहेत. देशभरातून माणसं आली. २०१० च्या जनगणनेत ग्रेटर अक्रा विभागात गा आणि त्यांचे भाऊबंद दांग्मे मिळून साधारण २७ टक्के होते आणि अकान, म्हणजे देशातला सर्वांत मोठा समाज, ४० टक्क्यांच्या आसपास. बाजारात, रेडिओवर, बसमध्ये अकानांची त्वी भाषा ऐकू येते. मुंबईचे कोळी ज्या नजरेने समुद्राकाठच्या टॉवरांकडे आणि दोन टॉवरांमध्ये चेपलेल्या आपल्या कोळीवाड्याकडे पाहतात, त्या नजरेची ओळख ज्याला आहे त्याला गांचा हट्ट समजायला वेळ लागू नये. जमीन गेली, भाषा मागे पडली, मासेमारी परदेशी ट्रॉलरांनी पोखरली. वर्षात एक महिना असा राहिला, ज्यात राजधानी यजमानांच्या वेळापत्रकाने चालते. तोही काढून घ्यायचा?

आणि हे यजमान कोत्या मनाचे नाहीत, याचा पुरावा त्यांच्या संगीतातच आहे. ओबोनु दरबारी ढोल अकान परंपरेतून आलेले. अकवामू या अकान राज्याने १६७७ मध्ये गांचं जुनं नगर जिंकलं, त्यानंतरच्या काळात अकानांचे ढोल, लढाऊ पथकांची गाणी, त्यांतले अकान शब्द, सगळं गा जीवनात मुरलं. जिंकणाऱ्याचा ढोल आपल्या राजाच्या दारात ठेवायला मन मोठं लागतं. गोमे ढोलाची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. पश्चिम आफ्रिकेजवळच्या फर्नांडो पो बेटावर मजुरीला गेलेल्या गा सुतारांनी तो परत येताना आणला, असं मानतात. सुताराचंच काम दिसतं ते: फळ्या जोडून केलेली चौकोनी पेटी, एका बाजूला ताणलेलं कातडं. वाजवणारा त्या पेटीवरच बसतो, पुढे वाकून दोन्ही हातांनी पायांमधल्या कातड्यावर थाप मारतो आणि टाच त्याच कातड्यावर दाबून सूर चढवतो-उतरवतो. टाच सैल सोडली की पोटात घुमणारा खर्ज, दाबली की आवाज वर सरकतो. हे पाहुणं वाद्य आज गांचं स्वतःचं मानलं जातं. नाविकांची गाणी आली, हायलाइफ हे पश्चिम आफ्रिकी नाचगाणं आलं, रॉक अँड रोल आलं, ट्विस्ट आला. गांनी कुणालाही दारातून परत पाठवलं नाही.

त्या सरमिसळीतूनच साठच्या दशकाच्या सुरुवातीला क्पानलोगो जन्माला आलं. बुकोमचा ओटू लिंकन आणि त्याचे दोस्त यांनी ते रचलं असं मानतात. म्हणजे जगभरच्या ढोलवर्गांत आज 'प्राचीन आफ्रिकी ताल' म्हणून जे शिकवतात, ते वयाने अनेक आजोबांपेक्षा लहान आहे. आणि त्याच्यावरही बंदी आली होती. कंबरेच्या हालचाली अश्लील आहेत म्हणून वडीलधारे चिडले, कला खात्याने नाक मुरडलं, पोलिसांनी पोरांना धरलं. अखेर १९६५ मध्ये अक्राच्या ब्लॅक स्टार चौकात राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांसमोर ते सादर झालं आणि त्याला मान्यता मिळाली. वाद घालत, भांडत, मग सामावून घेत हे संगीत वाढलं आहे. पुढे १९७३ मध्ये नी आशितेइने वुलोमेई नावाचं पथक काढलं. पुजाऱ्यांसारख्या पांढऱ्या वेशात, गोमे आणि गिटार एकत्र घेऊन त्यांनी गा लोकगीतं पुन्हा तरुणांच्या तोंडी आणली. अकरा महिने इतकं मोकळं असणाऱ्या समाजाला असहिष्णू म्हणणं अन्याय आहे.

तरीही गांच्या बाजूने जे वाईट घडलं ते झाकून चालणार नाही. १९९८ मध्ये अक्राच्या कोर्ले गोन्नो भागातल्या एका चर्चवर तरुणांचा जमाव चालून गेला, माणसं जखमी झाली, वाद्यं आणि यंत्रं फोडली गेली. पुढची दोन-तीन वर्षं दर मे-जूनमध्ये कुठे ना कुठे ठिणगी पडत राहिली. प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर हात टाकणं हा गुन्हाच, त्यावर कुठलीही परंपरा पांघरूण घालू शकत नाही. त्यानंतर सरकारने मध्यस्थी केली, अटी ठरल्या, आणि आता दर वर्षीच्या जाहीर पत्रकात असतं की महापालिका, पोलिस आणि पारंपरिक परिषद यांच्या ओळखपत्रधारी पथकाशिवाय इतर कुणीही बंदीची अंमलबजावणी करू नये, दोन्ही बाजूंनी एकमेकांबद्दल अपमानकारक बोलू नये. दंगली आटोक्यात आल्या, हे या व्यवस्थेचं श्रेय मान्य करायला हवं.

पण त्याच व्यवस्थेने महिन्याचं रूपही बदललं. गणवेशातली माणसं गाडीतून येतात, मिक्सर आणि स्पीकर उचलून नेतात, मग ते सोडवायला दंड किंवा विनवण्या. ज्याचा स्पीकर गेला त्याच्या मनात पेरणी नसते, वुलोमो नसतो, असतो तो जप्तीचा राग. ज्या बंदीमागे श्रद्धा आणि आदर होता ती पोलिसी कारवाई होऊन बसली. मला इथे पारंपरिक परिषदेला सांगावंसं वाटतं की जप्तीचं काम तुम्ही पूर्णपणे सोडा. ध्वनिमर्यादा मोडली तर महापालिकेने आपल्या नियमाखाली, बारावर आणि चर्चवर सारखीच, जून असो वा डिसेंबर, कारवाई करावी. तुमच्या हाती त्याहून मोठी गोष्ट आहे: निमंत्रण. पेरणीच्या आधी त्या भागातल्या पाद्र्यांना, इमामांना, क्लबमालकांना बोलवा, कशासाठी थांबायचं ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. अक्रात आयुष्य काढलेल्या कित्येकांना या महिन्याची ओळख फक्त बातमीतल्या तारखांची आहे. ओदादाओला त्याच माणसांना मानाने पुढे उभं करा.

चर्चनेही आपला वाटा उचलावा. गांच्या देवांना सैतान म्हणणारं प्रवचन माइकवरून देणं त्यांनी स्वतःहून थांबवावं. ते बाराही महिने थांबायला हवं, त्यासाठी बंदीची वाट बघायची गरज नाही.

राहता राहिला वादकांचा प्रश्न, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंचे पुढारी गप्प असतात. ढोलबंदीचा महिना शहराचा सार्वजनिक वारसा आहे असं महापालिका म्हणते, तर त्याचा खर्च एकट्या ढोलवाल्याने सोसू नये. या तीस दिवसांत शाळांमध्ये गा मुलांना आणि बिगर गा मुलांना गाणी, नाचाची पावलं, गोष्टी शिकवायला या कलावंतांना मानधनावर नेमता येईल. त्यासाठी ढोलाची गरज नाही. क्प्ले गीतांमध्ये असे जुने शब्द आहेत जे आजच्या बोलीत सापडत नाहीत आणि जे समजावून सांगणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. ती गीतं शब्दासकट उतरवून घ्यायला, सांगणाऱ्याच्या नावानिशी, याहून सोयीचा महिना नाही. एकेक खोड कोरून, सुकवून, कातडं चढवून ढोल बनवणाऱ्यांना त्या काळासाठी आगाऊ मागणी देता येईल, म्हणजे बंदी उठल्यावर शाळांकडे वाद्यं असतील. अक्रातल्या लिजॉन इथल्या घाना विद्यापीठात १९६० च्या दशकापासून नृत्य-संगीताचं शिक्षण आहे, क्वाबेना एन्केतियांसारख्या अभ्यासकाने तिथे घडवलेली परंपरा आहे. जाणत्यांची वाण नाही. महापालिकेने अंदाजपत्रकात एक ओळ घालायची आहे, आणि ती पुढच्या मेच्या आधी घातली पाहिजे.